फेसकाका आणि बदलापूरचं पाणी

फेसकाका कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जायचे. यजमानांना वाटायचं, गृहस्थ सभ्य आहेत, पाय धुवून मगच चटईवर बसतील. काका पाय बिलकूल धुवायचे नाहीत. बादलीतलं दोन बोटं पाणी ते खिशातल्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घ्यायचे, दुसऱ्या खिशातून ड्रॉपर काढून साबणाच्या पाण्याचे थेंब त्यात सोडायचे, बूच लावून बाटली कानाशी खळाखळा हलवायचे आणि फेस टिकतोय का ते बघायचे. टिकला तर बाहेर येऊन गप्पांना बसायचे. नाही टिकला तर घरात कुणी आजारी असावं तशा हळू आवाजात विचारायचे, "वहिनी, डाळीला शिट्ट्या किती लागतात?"

त्यांचं आडनाव बिल्डिंगच्या पाटीवर होतं, पण ते पोस्टमनपुरतं. अंबरनाथ पश्चिमेला आमची तीन मजल्यांची बिल्डिंग होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काका पहिल्यावर. त्यांची एकुलती एक सुमा माझी मैत्रीण, त्यामुळे माझा अर्धा मुक्काम त्यांच्याकडेच असायचा.

काका मोरिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. बॉयलरला जड पाणी म्हणजे सावत्र आईचं प्रेम, असं ते म्हणत. पाणी तापलं की त्यातले क्षार नळ्यांना आतून धरतात, थरावर थर चढतात, बॉयलर कोळसा जास्त खातो आणि एक दिवस नळी फुटते. अशी एक कापलेली नळी त्यांनी घरच्या शोकेसमध्ये सुमाच्या भातुकलीशेजारी ठेवली होती. मनगट जाईल एवढ्या जाडीची नळी, पण आतून पांढऱ्या थराने इतकी आवळलेली की करंगळीसुद्धा जाऊ नये. पाहुणे आले की ती त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "तुमच्या गिझरच्या पोटात सध्या हेच चाललंय." पाहुण्यांचा चहा तिथेच थंड व्हायचा.

शाळेत आम्हाला या पाण्याला दुष्फेन म्हणतात असं शिकवलं होतं. मला ते दुर्योधनाच्या एखाद्या कमी गाजलेल्या भावाचं नाव वाटायचं. काकांनी ते दोन वाक्यांत डोक्यात बसवलं. "विजू, पाण्यात जडपणा दोन जातीचा असतो. एक उकळला की जातो, दुसरा उकळूनही जात नाही." आणि मग स्वयंपाकघराकडे बघत, आवाज खाली आणून, "आमच्या हिचा दुसऱ्या जातीचा." आतून काकूंचा आवाज यायचा, "ऐकू येतंय मला. कान नाही बुजले अजून तुमच्या नळीसारखे."

बिल्डिंगला नळाचं पाणी सकाळी तासभर यायचं. ते धरणाचं, गोड. बाकी सगळा दिवस बोअरवर. बोअरच्या पाण्याचा परिणाम कुणाच्याही घरात डोळे मिटून सांगता यायचा: बादलीला आतून पांढरे पट्टे, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, नळाच्या तोंडाला खडा धरलेला, चहावर तवंग, आणि शाळेचा पांढरा शर्ट दुसऱ्या धुण्यात राखाडी. साबणाची वडी घासघासून संपायची पण फेस नाही, नुसता दह्यासारखा साका. केस धुतले की ते मोकळे होण्याऐवजी चिकट दोरखंड होऊन पाठीवर पडायचे. बायका साबणाला शिव्या घालायच्या आणि ब्रँड बदलायच्या. काकांना याचा फार त्रास व्हायचा. "साबणाचा काय दोष? तो बिचारा आधी क्षारांशी मारामारी करतो, त्यातून उरला तर तुमच्या कॉलरपर्यंत पोचतो," असं ते जिन्यात उभं राहून कुणालाही सांगायचे.

माझ्या आईचा तुरटीवर विश्वास होता. ती रोज हंड्यात तुरटी फिरवायची आणि पाणी सुधारलं असं मानायची. एका रविवारी काकांनी तिच्यासमोर दोन बाटल्या हलवून दाखवल्या, एक तुरटीची, एक बिनतुरटीची. दोन्हीत सारखाच साका. "वहिनी, तुरटी गाळ बसवते. क्षार विरघळलेले असतात, ते बसायला काय चटईवर आलेत?" आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने गुपचूप त्यांनी सांगितलेलं करून बघितलं: कपडे भिजवण्याआधी बादलीत मूठभर धुण्याचा सोडा टाकायचा, थोडा वेळ थांबायचं, मग साबण. फेस बादलीच्या बाहेर आला. आईने ते कबूल केलं नाही, पण त्या संध्याकाळी त्यांच्याकडे अळूवड्या गेल्या.

काकांचे उपाय असे फुकटचे आणि घरातलेच असायचे. डाळीचं पाणी आधी खळखळून उकळा, निवू द्या, खालचा पांढरा साका ठेवून वरचं घ्या. डाळ मऊ झाल्याशिवाय चिंच घालू नका. किटलीच्या थराला लिंबाच्या साली घालून पाणी उकळा, तांब्याला चिंच लावा. शॉवरची चकती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. माझ्या केसांसाठी त्यांनी रिठे सुचवले. "रिठ्याला पाण्याचा माज चालत नाही. जड असो, हलकं असो, तो आपलं काम करतो." मी आजही रिठेच लावते, आणि या वयात माझी वेणी बघून बायका काय लावता असं विचारतात तेव्हा मला बॉयलरवाल्या माणसाचं नाव सांगावं लागतं.

काका मूळचे बारवी धरणाच्या अंगाच्या एका डोंगरवाडीतले. त्यांच्या आईने उभा जन्म टेकडीखालच्या झऱ्यावरून हंडे वाहिले होते. ती म्हणायची, "पोर द्यायची तं पानी बघून द्यायची. सोनं काय, मोडता येतं." तिला म्हणायचं होतं की पाणी लांब नको, लेकीची मान मोडायला नको. काका हे वाक्य नेहमी डोळ्यांत पाणी आणून सांगत, पण इतकी वर्षं बॉयलरपाशी काढल्यावर त्यांनी त्याचा अर्थ आपल्या धंद्याप्रमाणे लावून टाकला होता. हे आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

सुमाला बदलापूरचं स्थळ आलं. म्हणजे घरच्यांच्या लेखी आलं. प्रकाश आणि सुमा टायपिंगच्या क्लासात वर्षभर शेजारशेजारच्या मशीनवर बसत होते, आणि त्या वर्षात सुमाचा स्पीड कमी कमी होत गेला होता, हे फक्त मला माहीत होतं. मध्यस्थ गाठून ते स्थळ "आणवणं" ही प्रकाशची कामगिरी. मुलगी पसंत पडली, पत्रिका जमली, आता मुलीकडच्यांनी एकदा घर बघून जायचं एवढंच उरलं होतं. काका, काकू, सुमा आणि मी असे चौघं निघालो. सुमाने मला निघताना बजावलं, "विजू, बाबांना मोरीकडे जाऊ देऊ नकोस. माझं सगळं आज ठरणार आहे." काकूंनीही त्यांचे खिसे तपासले होते.

बाटली काकांनी एका मोज्यात घातली होती, ड्रॉपर दुसऱ्यात.

बदलापूरचं घर छान होतं. बैठं, कौलारू, मागे केळी आणि एक बोअर. प्रकाशचे वडील शांत, आई जरा दबकत बोलणारी. कांदेपोहे आले आणि मी पहिला घास तोंडात घालते न घालते तोच काका म्हणाले, "जरा हात धुऊन येतो." मी उठायच्या आत ते गेलेही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोरीतून पुटपुटणं ऐकू यायला लागलं, "एकोणतीस... तीस... एकतीस..." प्रकाशचे चुलते, पूजाअर्चेतले गृहस्थ, हलकेच म्हणाले, "जप करतात वाटतं. चांगलं आहे." काकूंनी पदर तोंडाला लावला. मग खळाखळा आवाज, मग शांतता, आणि काका हातात ती बाटली तशीच धरून बैठकीत आले. त्यात गढूळ साका तरंगत होता.

"पाणी फार जड आहे हो," ते दुःखाने म्हणाले. "आम्ही विचार करून कळवतो."

प्रकाशचा चेहरा पडला. सुमाचा तर मला बघवेना. मुलाकडच्यांचं घर बघून पाण्यावरून नकार देणारा बाप त्या अख्ख्या तालुक्याने तोवर बघितला नसेल. घरी आल्यावर सुमाने चप्पल काढली, शोकेससमोर उभी राहिली आणि त्या नळीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, तुम्ही मला देताय की बॉयलर बसवताय?"

पुढचे चार दिवस सुमा त्यांना वाढायची, पण बोलायची नाही. ते जिन्यात मला गाठून विचारायचे, "जेवली का गं?" मी रागाने म्हणाले, "तुम्हीच विचारा." तेव्हा मला ते फार हट्टी आणि वेडे वाटले होते. आता वाटतं, त्या माणसाला लेकीच्या काळजीची दुसरी भाषाच येत नव्हती. कुणाला काही होऊ नये असं वाटलं की ते पाणी तपासायचे, एवढंच त्यांना जमायचं.

पाचव्या दिवशी दुपारी दारात प्रकाशची आई उभी. एकटीच. हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. काकू धावपळ करायला लागल्या, पण त्या बाईंनी बसायच्याही आधी डबा उघडून काकांपुढे धरला. तुरीची डाळ होती, प्रत्येक दाणा सुटा, वर पाणी वेगळं.

"आठ शिट्ट्या," त्या म्हणाल्या. "आठ शिट्ट्यांनंतरची ही डाळ आहे. सव्वीस वर्षं झाली मला या घरात येऊन. सासूबाई गेल्या तरी त्यांचं बोलणं गेलं नाही, हिला साधी डाळ शिजवता येत नाही म्हणून. नवरा म्हणतो, मुलगा म्हणतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्या दिवशी तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, पाणी जड आहे, तेव्हा सगळे तुमच्यावर रागावले. मी आत जाऊन रडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की दोष माझा नाही."

काकांनी एक दाणा बोटांत दाबून बघितला. "आठ शिट्ट्या," ते पुटपुटले. "फार सोसलंत, वहिनी."

"यावर उपाय आहे का?"

"आहे तर! का नसेल?" काकांचा आवाज चार दिवसांनी वर चढला.

"मग मुलगीही द्या आणि उपायही द्या," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दाराआड सुमाने माझ्या दंडाला एवढा जोरात चिमटा काढला की वळ दोन दिवस राहिला.

उपाय म्हणजे कारखान्यात बॉयलरसाठी असायचा तसला, फक्त घरगुती. त्या वर्षी कारखान्याने पाणी मऊ करणाऱ्या टाकीतलं जुनं रेझिन बदललं होतं. रेझिन म्हणजे साबुदाण्याएवढे बारीक पिवळे मणी. पाणी त्यांच्यातून गेलं की क्षार मण्यांना चिकटतात आणि पाणी हलकं होऊन बाहेर येतं. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवायचं, की पुन्हा कामाला तयार. टाकून दिलेल्यातलं एक पोतं काकांनी मॅनेजरकडून रीतसर मागून घेतलं. गेटपासावर कारण लिहिलं होतं, "मुलीचे लग्न". वॉचमनने ते दोनदा वाचलं म्हणे.

ड्रम आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो. काकांनी प्रत्येक ड्रमात तोंड घालून वास घेतला, झाकण घट्ट बसतं का बघितलं, तळाला व्हॉल्व्ह बसेल का ते विचारलं. सिंधी दुकानदार शेवटी हैराण होऊन म्हणाला, "साईं, डालना क्या है इसमें?" काकांनी अभिमानाने सांगितलं, "बेटी की शादी है." दुकानदाराने गल्ल्यावरून उठून त्यांच्याकडे नीट बघितलं. "लोग बेटी को फ्रीज देते हैं. तुम ड्रम देते हो?" मग सगळी हकीकत ऐकल्यावर त्याने एक पितळी व्हॉल्व्ह आपल्यातर्फे आहेर म्हणून दिला, आणि वर विचारलं की त्याच्या घरच्या पाण्यासाठी काही होईल का. काका त्याच्याही मोरीत जाऊन आले.

लग्नात रुखवत मांडलं तेव्हा अनारसे, चिरोटे, लोकरीचा ताजमहाल आणि मण्यांचं तोरण यांच्या मधोमध निळा ड्रम उभा होता. शेजारी जाड्या मिठाची गोणी आणि काकांच्या अक्षरातला कागद: "पंधरा दिवसांतून एकदा मीठ. न विसरता." प्रकाशच्या एका मावशीने झाकण उघडून मणी बघितले आणि म्हणाल्या, "एवढा साबुदाणा! पण पिवळा का गं?" मूठभर त्या खिचडीला घेऊनही गेल्या असत्या, सुमाने वेळीच हात धरला. सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह केला तेव्हा सुमा म्हणाली, "ड्रमात भरलं रेझिन, वरून ओतलं मीठ, प्रकाशरावांचं नाव घेते, नळ बंद करा नीट." सगळा हॉल हसला. काका हसले नाहीत. ते पाठ फिरवून व्हॉल्व्ह घट्ट आहे का बघत होते, आणि बराच वेळ बघत होते.

पंधरा दिवसांतून एकदा मीठ, ते घालायला काका स्वतः जायचे. प्रकाशला ते काम दहा मिनिटांत शिकता आलं असतं आणि तो तसं म्हणालाही. काका म्हणाले, "तुम्हाला जमायचं नाही, नाजूक असतं." मी ते काम बघितलंय. मीठ विरघळवून ओतायचं, तासभर थांबायचं, चांगल्या पाण्याने धुवायचं. नाजूक त्यात काही नाही. तो एक तास सुमा त्यांच्यासमोर बसून बोलायची, तेवढाच काय तो नाजूक भाग. प्रकाशच्या आईची डाळ तीन शिट्ट्यांत शिजायला लागली. पहिल्यांदा तर सवयीने त्यांनी आठ केल्या आणि डाळीचं पार पिठलं झालं, पण तेही घरच्यांनी कौतुकाने खाल्लं.

फक्त एक होतं. त्या घरच्या पाण्याला इतका हात लावणारे काका ते पाणी प्यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. एरवी देवधर्माची थट्टा करणारा हा माणूस तिथे हलायचा नाही. ते घरून पाण्याची बाटली घेऊन जायचे. पाणी तपासायला जाताना पाणी नेणारा माणूस म्हणून सगळे हसायचे, आणि काका म्हणायचे, "परीक्षकाने पेपर सोडवायचा नसतो."

पहिलं वर्ष ती थट्टा होती. दुसरं गेलं, तिसरं गेलं. पाचव्या वर्षी त्या बाटलीला कुणी हसेना. सुमा डॉक्टरांकडे जात होती, उपास करत होती, त्यातलं मला थोडं सांगत होती, आईला काहीच नाही. काकांनी पिशवीतून बाटली काढली की ती काहीतरी आणायच्या निमित्ताने आत जायची. मला काकांचा राग यायचा. इतकं बारीक बघणाऱ्या माणसाला हे दिसू नये?

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की लोक बाटलीच्या, ड्रमच्या गोष्टी सांगतात आणि खूप हसतात. मीही हसते. पण मला आठवतो तो मे महिन्यातला एक रविवार. मी माहेरी आले होते म्हणून काकांबरोबर बदलापूरला गेले. ड्रममध्ये मीठ ओतून झालं होतं, आम्ही ओट्याजवळ बसलो होतो. शेजारची एक बाई दारात टेकली होती. काकांनी घाम पुसत पिशवीत हात घातला तशी ती म्हणाली, "काय काका, अजून घरचंच पाणी का? कधी सुटायची हो तुमची बाटली?"

तिने गमतीत म्हटलं असेल. प्रकाशची आई चटकन म्हणाली, "तुमचं दूध उतू जात असेल, बघा जा." ती गेली, पण सुमा उठलेली होती, आणि या वेळी तिला आत जायला निमित्त सापडलं नव्हतं. ती नुसतीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काकांचा हात पिशवीतच राहिला. त्यांनी सुमाच्या पाठीकडे बघितलं. मग हात रिकामाच बाहेर काढला.

"सुमा, पाणी दे गं."

ती वळली. "बाबा?"

"तहान लागलीय. पाणी दे."

"हलकं भरून ठेवलेलं संपलंय," ती अडखळत म्हणाली. "ड्रम मिठात आहे. नुसतं बोअरचंच आहे, बाबा."

"बोअरचं दे."

तिने ग्लास भरला. काठाला आतून पांढरी रेघ होती, ती मला दिसली, काकांना दिसली नसेल असं होणं शक्य नव्हतं. ज्या पाण्यावरून त्यांनी एकदा भर बैठकीत स्थळ मोडायला काढलं होतं, तेच ते. काकांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता सगळा प्यायला.

"कसं आहे?" सुमाने विचारलं.

"गोड आहे," काका म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा ते पाण्याबद्दल खोटं बोलले, आणि ते आम्हा तिघींनाही कळलं. सुमा हसायला गेली आणि रडायला लागली. प्रकाशच्या आईने तिला जवळ घेतलं. काकांनी रिकामा ग्लास पुढे केला.

"अजून अर्धा दे," ते म्हणाले.